अंगणातलं गॅरेज

संपादक महोदय,
हल्ली पोरं अंगणातच पिकअप जॅकवर चढवून मोठे टायर बसवतायत, टायर घासला की ग्राइंडरने फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, कापायचा, झालं मॉडिफिकेशन! 245/70 आर16 साइजच्या जागी 265/75 आर16 टाकला तर टायर साडेपाच सेंटिमीटरने उंच होतो, एका फेरीत जास्त अंतर कापतो, म्हणजे स्पीडोमीटरवर 80 दिसतंय तेव्हा गाडी 86 च्या आसपास पळत असते आणि ब्रेक मात्र तेच जुने. टायर घासतो का ते स्टेअरिंग पूर्ण वळवून चेक करतात, तेही रिकाम्या गाडीवर, माल भरून पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबल्यावर कोण बघतं? मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलाला 5000 दंड आहे, पण चालान फाटतं ते हेल्मेटचं. आरटीओने फिटनेसला आलेल्या पिकअपच्या टायरचा साइज तरी वाचावा.
– एक वाचक, सातारा