अण्णा, आता मलाही तारखा पडणार

ब्रॅम्प्टन, कॅनडा, रविवार रात्र

ती. अण्णा आणि आई, सा. न.

फोनवर बोलणं होतंच, पण परवा अण्णा तुम्ही विचारलंत ना, की इमिग्रेशन कन्सल्टंटचं लायसन्स आहे मग परत कसलं शिक्षण घेतेस, त्याचं उत्तर तेव्हा धड देता आलं नाही, कुकरच्या शिट्ट्या आणि पोरांची भांडणं चालली होती मागे. म्हणून लिहूनच पाठवते.

माझं आत्ताचं लायसन्स एल-टू. त्यावर व्हिसाचे, पीआरचे म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचे, सिटिझनशिपचे अर्ज मी भरू शकते, लोकांच्या वतीने सरकारशी पत्रव्यवहार करू शकते. पण प्रकरण इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डापुढे, म्हणजे निर्वासितांच्या आणि व्हिसाच्या अपिलांच्या सुनावण्या घेणाऱ्या मंडळापुढे गेलं की मला तिथे बोलता येत नाही, १ जुलै २०२२ पासून त्याला वरचं एल-थ्री लायसन्स लागतं, त्याचंच हे शिक्षण. म्हणजे होतं काय, ज्या माणसाची अख्खी कहाणी मला पाठ असते त्यालाच ऐन सुनावणीला मी दुसऱ्याच्या हवाली करते. गेल्या वर्षी एका बाईंची फाईल अशी दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आता परत पहिल्यापासून सगळं सांगायचं?" त्या दिवशीच ठरवलं की हे करायचं.

बोर्ड म्हणजे तुम्ही वकीलसाहेबांच्या फायली सांभाळायचात त्या बार्शीच्या कोर्टासारखं नाही हां. काळे कोट नाहीत, पुकारा नाही, बऱ्याच सुनावण्या तर आता टीम्सवर व्हिडिओ कॉलने होतात. निर्वासितांच्या केसमध्ये एक मेंबर, म्हणजे निर्णय देणारा, अर्जदार, त्याच्या बाजूने बोलणारी मी आणि एक दुभाषी, बहुतेक वेळा एवढेच. आधी मेंबरच प्रश्न विचारतो, मग आपली पाळी. नवऱ्याचा किंवा बायकोचा व्हिसा नाकारला म्हणून अपील असेल तर मात्र समोर सरकारी बाजू असते आणि उलटतपासणी चांगली कडक होते, "हे लग्न खरंच आहे कशावरून" इथपासून सुरुवात.

मला वाटलं होतं कायदा पाठ करणं अवघड जाईल, पण खरं अवघड आहे प्रश्न विचारणं. पहिल्या मॉक हिअरिंगमध्ये, म्हणजे वर्गातल्या सरावाच्या खोट्या सुनावणीत, मी विचारलं, "तुम्ही नवऱ्याशी रोज बोलता ना?" आमच्या सरांनी तिथेच थांबवलं, म्हणाले उत्तर तूच दिलंस, त्यांनी फक्त मान डोलवायची ठेवलीस. मग परत विचारलं, "नवऱ्याशी बोलणं कधी होतं?" आणि जी मैत्रीण अपील करणाऱ्या बाईंचं काम करत होती ती म्हणाली, रात्री नऊला शिफ्ट सुटते, बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली की फोन लावते, तिकडे भारतात तेव्हा सकाळचे साडेसहा, तो दूध आणायला निघालेला असतो. बघा, एवढं एक वाक्य दहा फोटोंच्या वर आहे, आणि मी आधी ते येऊच दिलं नव्हतं!

दुसऱ्या खेपेला मी निर्वासित अर्जदार झाले आणि साक्ष मराठीत दिली, वर्गातला नाशिकचा मुलगा दुभाषी झाला. बोलता बोलता मी म्हणाले "अगदी परवापर्यंत ते लोक घरी येत होते", त्याने इंग्रजीत सांगितलं दोन दिवसांपूर्वीपर्यंत, आणि माझ्या फॉर्मवर लिहिलेलं ते शेवटचे मार्चमध्ये आले. मेंबर झालेल्या बाईंनी लगेच विचारलं, यातलं खरं कुठलं? घशाला कोरड पडली अण्णा, खोटी केस असूनसुद्धा. आपल्याकडे परवा म्हणजे मागचा परवा, पुढचा परवा आणि "मध्यंतरी कधीतरी"सुद्धा, या पत्रातही वर मी परवा लिहिलंय, त्याला खरं तर दहा दिवस झाले. पण तिथे तेवढ्या एका शब्दावरून हा माणूस विश्वासार्ह नाही असं ठरू शकतं, आणि मग त्याला जिथून जीव मुठीत धरून आला तिथेच परत पाठवतील. आपण मध्येच "त्यांना असं म्हणायचंय" असं समजावून सांगायचं नाही, ती साक्ष होत नाही. आपली पाळी आली की शांतपणे विचारायचं, "परवा म्हणजे नक्की कधी?"

ही तोंडी सुनावणी तरी सगळ्यांना कुठे होती? पूर्वी नुसते कागद बघून लोकांना परत पाठवायचे. ४ एप्रिल १९८५ ला सिंग केसचा निकाल लागला, त्यात आपल्या पंजाबातले शीख लोक होते, इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या देशात येऊन जो आश्रय मागतो त्याच्या खरेपणाचा प्रश्न असेल तर त्याला तोंडी ऐकून घेतल्याशिवाय घालवता येणार नाही. त्यातूनच १९८९ मध्ये हे बोर्ड आलं. वर्गात हे शिकवत होते तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, ज्यांच्यामुळे हे मिळालं ते आपल्याच बाजूचे लोक. आणि तिथे शेजारी बसणारा तयारीशिवाय आला तर काय उपयोग त्या ऐकण्याचा, म्हणून हे शिक्षण सक्तीचं केलं ते मला शंभर टक्के पटतं, फी भरताना जीवावर आलं तरी. पुढे फेडरल कोर्टात गेलं तर तिथे आम्हाला बोलता येत नाही, ते वकिलाचं काम, आमचं काम बोर्डापर्यंतच, म्हणून जे मांडायचं ते इथेच नीट मांडलेलं बरं.

आई, शेजारच्या काकूंना सांग, मुलासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर आधी मला त्याचं नाव पाठवा. इथल्या कॉलेजच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आम्हा कन्सल्टंट लोकांना लायसन्स देणारी जी संस्था आहे तिच्या वेबसाइटवर, नाव फुकट बघता येतं. तिथे नाव नाही आणि तो कॅनडातल्या वकिलांच्या किंवा क्युबेकच्या नोटरींच्या संस्थेचाही सदस्य नाही, तर कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेणं कायद्याने गुन्हा आहे. पैसे देऊन झाल्यावर विचारू नका म्हणावं.

अण्णा, एक काम तुमच्याकडे. वकीलसाहेबांच्या प्रत्येक फाईलवर पहिला फुलस्केप कागद तुमचा असायचा, नुसत्या तारखांचा, लाल पेन्सिलीने आखलेला, मी लहानपणी बघितलाय. निर्वासितांच्या केसमध्ये सगळे पुरावे सुनावणीच्या १० दिवस आधी पोचावे लागतात, आणि फॉर्ममधली तारीख, पासपोर्टमधली तारीख, तोंडची तारीख एकमेकांशी जुळवताना मला रोज तुमचा तो कागद आठवतो. त्यात रकाने कुठले कुठले असायचे? येत्या रविवारी फोन करते तेव्हा सावकाश सांगा, मी लिहून घेते. गुरुवारी माझी शेवटची मॉक आहे, पण ती झाली तरी मला हवंच आहे.

तुमची लेक