कच्ची माती, झिजलेला पत्रा

पुणे, गुरुवार

प्रिय नंदू,

घोले रोडच्या राजा रविवर्मा कलादालनात कलेच्या पदव्युत्तर (एम.एफ.ए.) वर्गातल्या मुलामुलींचं एकत्र प्रदर्शन लागलंय. ते पाहून आले आणि म्हटलं, हे नंदूला सविस्तर लिहायलाच हवं, फोनवर भागायचं नाही. विषय आहे अनिश्चितता, आणि तिच्यात माणूस कसा उघडा पडतो तो.

अशा विषयाची मला आधी धास्तीच वाटते. भिंतीवर भलंमोठं निवेदन असतं आणि कामात काही सापडत नाही. इथेही काळे पडदे लावलेली एक खोली आहे, आत हृदयाचे ठोके ऐकू येतात. मला नाही भिडली.

पण मातीचं काम बघायला तू हवा होतास! जमिनीवर पत्र्याच्या ट्रेमध्ये शाडूच्या न भाजलेल्या वाट्या मांडल्यात आणि प्रत्येकीवर सलाइनच्या नळीतून पाणी ठिबकतंय. काही वाट्या पूर्ण वाळलेल्या, काही मुद्दाम ओलसर ठेवलेल्या. ओल्या आधी ढासळतील असं कुणालाही वाटेल. होतं उलटंच. खडखडीत वाळलेल्या मातीत पाणी झपाट्याने शिरतं, आतली हवा बाहेर रेटली जाते आणि काठ पापुद्र्यापापुद्र्याने सुटून खाली येतो. ओलसर वाटी बराच वेळ तग धरते. हे काम करणारा मुलगा ट्रेमधला गाळ गोळा करून पुन्हा मळतो, नव्या वाट्या थापतो आणि त्या वाळेपर्यंत त्यांची जागा रिकामी ठेवतो. मला म्हणाला, "घरी सगळे विचारतात, पुढे काय? मला तरी कुठे माहितीये?"

आणि एका मुलीचे ड्रायपॉइंटचे ठसे. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून काढलेला आजीचा चेहरा. सुईने उचललेली धातूची कड शाई धरते आणि प्रेसखालून जाताना दरवेळी थोडी दबते, हे तुला मी काय सांगू! आपण ती झिजायच्या आत मोजके ठसे काढून थांबायचो. ही थांबली नाही. एकाच पत्र्याचे ठसे तिने ओळीने लावलेत. पहिल्यात पदराची सावली मखमली काळी आहे. पुढे डोळ्यांखालच्या सुरकुत्या विरत जातात, मग हनुवटी जाते. शेवटच्या कागदावर खोल कोरलेलं कुंकू तेवढं उरलंय, आणि पत्र्याच्या कडांचा दाब. आजीबद्दल तिने एक अक्षर लिहिलेलं नाही. फार बरं केलं.

मला बंगालचे शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर आठवले. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी भुकेली माणसं समोर बघून चितारली आणि १९७०च्या दशकात जखमांची मालिका करताना शाईच सोडून दिली. मातीच्या थरावर वार करायचे, त्याचा सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यावर कागदाचा लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढरं, जखम थेट कागदालाच. ही मुलगी त्याच वाटेवरची आहे, असं मला मनापासून वाटतं.

पुढचं ऐक. पदवी हातात पडली की तिला कॉलेजचा प्रेस बंद. रंगवणारा घरातल्या कोपऱ्यात ईझल मांडू शकतो, पण प्रिंटवाल्याला प्रेस लागतो आणि या वयात तो कुणाला परवडतो? आपल्या वर्गातल्या किती जणांचं काम एवढ्यावरून सुटलं, तुला माहीत आहे. तुझंही सुटलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुझा प्रेस आहे ना रे अजून? उद्यमनगरातून रोलर टर्न करून घेतला होतास तो? मुलगी इचलकरंजीची आहे, जूनमध्ये घरी परतणार. कोल्हापूर तिला जवळच. आठवड्यातून एक दिवस तिला काम करू देशील? भाडं देईन म्हणते, पण ते तू घेऊ नकोस. रोलरखालच्या लोकरी फेल्टला कसर लागली असेल तर कळव, नवे मी इथून पाठवते. गियरला वंगण घालून एकदा फिरवून बघ, आणि जमलं तर तिच्याबरोबर तूही एखादा पत्रा काढ.

प्रदर्शन रविवारी उतरतंय. तिला तुझा नंबर देऊ का, ते त्याआधी सांग. वहिनींना नमस्कार.

तुझी,
मेधा