उलटे काढलेले नकाशे

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकन घरांवरचा लेख वाचला. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांच्यावर रकानेच्या रकाने, पण कृष्णवर्णीय वास्तुरचनाकार पॉल विल्यम्स यांचा साधा उल्लेखही नाही, हे खटकले.

१८९४ मध्ये लॉस एंजेलिसला जन्मलेले विल्यम्स चार वर्षांचे होईतो आईबापांना मुकले. कृष्णवर्णीय मुलाने वास्तुरचनाकार होण्याच्या फंदात पडू नये, असा सल्ला त्यांना शाळेतच मिळाला. तरी १९२१ मध्ये त्यांनी परवाना मिळवला आणि १९२३ मध्ये अमेरिकन वास्तुरचनाकारांच्या राष्ट्रीय संस्थेचे ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. गोऱ्या गिऱ्हाइकाला आपल्या शेजारी बसणे अवघड वाटेल, म्हणून ते टेबलापलीकडून उलटे चित्र काढायला शिकले. समोरच्याला आपले घर सुलटे उमटताना दिसे! मी तीस वर्षे ड्राफ्ट्समन होतो. परवा सहज साधा जिना उलटा काढून पाहिला, चौथ्या पायरीलाच हात अडखळला.

दोन हजारांहून अधिक घरांचे आराखडे त्यांनी केले. गायक-अभिनेते फ्रँक सिनात्रांसारखे तारेही त्यांच्याकडे आले. मात्र ज्या वस्त्यांत ही घरे उभी राहिली, त्यांतल्या कित्येक ठिकाणी खरेदीखतातच कृष्णवर्णीयांना राहण्यास मनाई होती. अशा अटी न्यायालयांनी राबवू नयेत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. वास्तुरचनाकारांच्या त्या राष्ट्रीय संस्थेचे सुवर्णपदक विल्यम्सना मिळाले २०१७ मध्ये, मृत्यूनंतर ३७ वर्षांनी. पुढच्या लेखात त्यांना निदान अर्धा रकाना द्यावा.

– एक निवृत्त ड्राफ्ट्समन, पुणे