पांझरेवरचा फडाचा बंधारा दुरुस्त करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावाजवळ पांझरा नदीवर नवा सिमेंट बंधारा बांधायचा घाट घातला जात आहे. त्याच्याच वरच्या अंगाला फडाचा, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीचा, दगडी बंधारा उभा आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याचे काही दगड निसटले आणि तेव्हापासून पाटाला पाणी चढत नाही. दुरुस्तीसाठी आम्ही तीनदा अर्ज दिले. ‘हे काम यादीत बसत नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांकाठची फडपद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. दगड-चुन्याचा बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग. एका फडात एकच पीक. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू, हे सगळे बसून ठरवत. बहुतेकांचे तुकडे प्रत्येक फडात असत. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर झळ सगळ्यांना सारखी बसे. जमीन नसलेल्याला मात्र या पाण्यात वाटा नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

माझे वडील पाटकरी, म्हणजे पाटाचे पाणी सांभाळणारे, होते. मोबदला सुगीला धान्याच्या रूपात मिळे. रात्री कंदील आणि फावडे घेऊन ते पाटाच्या कडेने चालत आणि मध्येच थांबून कान देत. खेकड्याने भराव पोखरला की पाणी कुठे झिरपते, ते त्यांना आवाजावरून कळे. मग गवताचा बोळा कोंबून वर चिखल थापायचा. पावसाळा सरल्यावर घरटी एक माणूस पाटातला गाळ काढायला जाई. ‘पाटले पानी उनं’ (पाटाला पाणी आलं) अशी हाक आली की आम्ही पोरे शाळेचे दप्तर टाकून पळत सुटायचो.

फड मोडायला आम्हीही कारण आहोत. विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, जो तो आपल्या सोयीचे पीक घेऊ लागला. पाट साफ करायला कोणी येईना. पण त्याच विहिरींना पाटाच्या पाझराचा आधार होता, हे पाट कोरडा पडल्यावर उमगले. उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरची मोटार आता तासाभरात उघडी पडते.

शेतकऱ्यांनी पाण्याचे व्यवस्थापन स्वतः करावे म्हणून राज्याने २००५ मध्ये कायदा केला, पाणी वापर संस्था काढायला लावल्या. मग जिथे ही रीत आधीपासून होती, तिथल्या बंधाऱ्याला दुरुस्तीपुरता पैसा मिळू नये, याचे फार वाईट वाटते. नव्या बंधाऱ्याला आमचा विरोध नाही. आधी जुना सांधून पाट वाहता करावा. तालुक्यातल्या सगळ्या फड बंधाऱ्यांची पाहणी करून त्यांची सरकारी दप्तरी नोंद घ्यावी. आमच्या पाटाच्या बुजलेल्या चाऱ्या, म्हणजे शेतांकडे जाणारे छोटे फाटे, नेमक्या कुठून जात, हे दाखवू शकतील अशी दोन-तीनच म्हातारी माणसे गावात उरली आहेत. त्यांना शिवारात नेऊन येत्या पावसाळ्याआधी नकाशा काढून घ्यावा.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. साक्री, जि. धुळे