पार्किंगची बाजू रात्री बारालाच का बदलते?

संपादक महोदय,

पुण्यातील अनेक अरुंद रस्त्यांवर सम-विषम पार्किंग आहे: सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या. पाटीवर फक्त तारीख असते, म्हणजे बाजू बदलते रात्री बारा वाजता. पाच तारखेला संध्याकाळी नियम पाळून लावलेली गाडी सहा तारखेच्या पहाटे नियमबाह्य ठरते. काही चतुर मंडळी रात्रीच ‘उद्याच्या’ बाजूला लावून मोकळी होतात. त्यामुळे सकाळी सात ते नऊ दोन्ही बाजू भरलेल्या, आणि घंटागाडी यायची वेळ नेमकी तीच. (३१ आणि १ दोन्ही विषम, म्हणून वर्षातून सातेक वेळा हा घोळ टळतो, एवढेच.)

सहा मीटरच्या गल्लीत दोन्हीकडे मोटारी लागल्या की साडेतीन मीटर तिथेच गेले. कडेची फट धरली तर मध्ये जेमतेम दोन मीटर उरतात. छोटी घंटागाडी दीड मीटर रुंद, ती कशीबशी निघते. पण एखादी स्कूटर आडवी लावलेली असली की तीही अडते. कचरा दाबून भरणाऱ्या मोठ्या कॉम्पॅक्टरचा तर प्रश्नच नाही. मग गाडी हमरस्त्याच्या तोंडाशी थांबते, कामावर निघालेले लोक पिशवी कोपऱ्यावर ठेवून जातात आणि महिनाभरात तिथे नवा ‘क्रॉनिक स्पॉट’, म्हणजे कायम कचरा साचणारी जागा, तयार होतो. पुढे तिथे फलक, दंड, रांगोळी असे सगळे उपाय होतात, पण गाडी आत का येत नाही हे कोणी विचारत नाही.

फीडर पॉइंटची, म्हणजे गोळा केलेला कचरा मोठ्या गाडीत भरण्याच्या जागेची, गत याहून वाईट. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सेविका घरोघरचा ओला-सुका वेगळा घेऊन ढकलगाडीने तिथे आणतात. कॉम्पॅक्टर मागून भरतो, म्हणून त्याच्या लांबीपलीकडे आणखी दोन-अडीच मीटर मोकळे लागतात. त्या जागी मोटार उभी असली की कचरा रस्त्यावर ओतला जातो, घाईत फावड्याने एकत्र उचलला जातो आणि घराघरांत केलेले वर्गीकरण तिथेच संपते.

उपाय फार खर्चाचा नाही. पाटीवर तारखेखाली ‘सकाळी १० ते दुसऱ्या दिवशी सकाळी १०’ एवढे लिहावे. रात्रीच्या गाड्या एकाच बाजूला राहतील आणि दुसरी बाजू कचरा उचलून होईपर्यंत रिकामी मिळेल. टोइंगची क्रेन पहाटे गल्लीबोळांत फिरवण्यापेक्षा हे बरे. फीडर पॉइंटवर पिवळा चौकोन आखून सकाळी सात ते अकरा ‘नो पार्किंग’ करावे, आणि गल्लीच्या तोंडाशी वळणापुरते पाच मीटर कायम मोकळे ठेवावेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार पार्किंगच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय अपेक्षित आहे. त्या चर्चेला पथ विभागाबरोबर घनकचरा विभागाच्या मुकादमालाही बोलवावे. कोणत्या कोपऱ्यावर गाडी अडते हे त्याला तोंडपाठ असते.

– एक नागरिक, पुणे