औषधांच्या खिडकीवरच्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. डिसेंबरअखेरची सकाळ, मागे रांग खोळंबलेली. आईच्या पिशवीतून नवंकोरं कालनिर्णय डोकावत होतं. तुम्ही ते मागून घेतलंत आणि जानेवारीच्या पानावर प्रत्येक तारखेच्या चौकटीत वर एक आकडा लिहिलात, खाली जागा मोकळी सोडलीत. म्हणालात, ‘वरचा आकडा गोळीचा, तो डॉक्टर ठरवतील. सकाळी आखडलेलं अंग सुटायला किती मिनिटं लागली, तो खालचा आकडा मात्र तुम्हीच लिहायचा.’

त्या मोकळ्या जागेसाठी हे पत्र.

त्याआधी जिथे जिथे गेलो तिथे ‘वय झालं’ एवढंच ऐकलं. दोन्ही खांदे आणि खुबे एकदम धरतात, कूस बदलता येत नाही, वेणी घालायला हात वर जात नाहीत, आणि दुपारपर्यंत दुखणं निम्मं होतं. पन्नाशीपुढच्या माणसाने हे सांगितल्यावर ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या साध्या रक्ततपासण्या लिहायला किती वेळ लागतो? मिळाला तो मानेचा पट्टा. खांदे-खुबे दाहाने आखडवणाऱ्या या आजाराचं पॉलिमायल्जिया रुमॅटिका हे नाव फार उशिरा कानावर पडलं. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू झाली आणि चार दिवसांत फरक पडला, तर एकाने ‘स्टेरॉइड वाईट, आजपासून बंद’ म्हणून सांगितलं! काही आठवडे गोळी घेतल्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतात. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब पडू शकतो, जिवावर बेतू शकतं. हे सांगणारं पहिलं माणूस तुम्ही.

या आजारात सुरुवात साधारण १२.५ ते २५ मिग्रॅने होते, चार ते आठ आठवड्यांत १० वर येतात. खरी परीक्षा त्यानंतर. पुढे महिन्याला एकच मिग्रॅ कमी करायचा असतो, पण १ मिग्रॅची गोळी सहज मिळत नाही. मग लोक १० वरून थेट ७.५ वर उडी मारतात आणि दुखणं परत येतं. तुम्ही तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावलात, आणि एक दिवस १०, एक दिवस ७.५ असं ठरलं. कुठल्या दिवशी कुठली गोळी याचा घोळ होऊ नये म्हणून दोन रंगांची पेनं वापरलीत.

खालच्या आकड्यांची किंमत नंतर कळली. डोस उतरवला की काही दिवस सगळं अंग ठणकतं. वीस मिनिटांची चाळीस होतात, मग हळूहळू पुन्हा पंचवीसवर येतात. हे शरीराचं जुळवून घेणं, इथे घाबरून गोळी वाढवायची नाही. पण मिनिटं रोज चढतच गेली आणि पुन्हा तेच खांदे, तेच खुबे धरले, तर आजार उलटला. तेव्हा डॉक्टर तपासून आधीच्या डोसवर नेतात. आणि दुखत नाही, पण पाटावरून उठता येत नाही, जिना चढवत नाही, तर ती स्टेरॉइडने आलेली स्नायूंची अशक्तता असू शकते. तिथे गोळी वाढवली तर उलटंच होतं. तीन वेगळ्या गोष्टी, आणि नुसतं ‘दुखतंय का?’ विचारून त्या वेगळ्या होत नाहीत.

बाकीचं तुम्ही पानाच्या कडेला लिहिलंत: गोळी सकाळी, खाऊन मगच. साखर दुपारच्या जेवणानंतरचीही बघा, उपाशीपोटीची ठीक दिसून फसवते. उलटीने गोळी पडत असेल तर वाट न पाहता डॉक्टर. आणि लाल अक्षरांत: कानशिलात नवं दुखणं, चावताना जबडा दुखणं, नजर धूसर होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना, कारण डोळा जाऊ शकतो.

रांगेतला एकजण कुरकुरला तेव्हा तुम्ही मान वर करून शांतपणे म्हणालात, ‘तुमचंही असंच समजावून देईन.’ अशा खिडकीपाशी औषध घेणाऱ्याला आपण कुणाला तरी जड झालोय असं वाटत नाही. आईला त्या दिवसापर्यंत तसंच वाटत होतं.

वरचे आकडे आता ५ च्या खाली आलेत. नवीन कालनिर्णय घेतलं की घेऊन येतो. चौकटी तुमच्याच अक्षरात हव्यात, असं आईने बजावलंय.

तुमचा कृतज्ञ,
खालचे आकडे लिहिणारा मुलगा