मावशी, तुम्ही 'लाव बघू' म्हणालात त्याबद्दल

प्रिय मावशी,
प्रभूच्या नावात सलाम.

समोर बसून हे बोलता आलं नसतं. तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय गुंडाळला असता. म्हणून लिहितोय आणि मुद्दाम चारचौघांत लिहितोय. आपल्या चर्चच्या मंडळीत माझ्यासारखे पुष्कळ आहेत, त्यांना तुमच्यासारखं माणूस भेटलेलं नाही. तुमचं नाव घालत नाही. घातलं तर पुढच्या खेपेला जिन्यावरूनच परत पाठवाल.

गेल्या पावसाळ्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते तुम्हाला माहीतच आहे. त्या रात्रीचं मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. रोज जेवणानंतर एक स्तोत्र वाचल्याशिवाय न झोपणारा माणूस, त्याला अक्षर लागेना. "१२१ वं वाच रे," म्हणाले. मी पलंगाच्या कडेला, कानात इअरफोन, फोनवरच्या मालिकेच्या सातव्या भागाची शेवटची दहा मिनिटं उरलेली. म्हटलं, "दोन मिनिटं, बाबा." भाग संपला, पुढचा आपोआप सुरू झाला. तो थांबवायला बोट उचलावं लागतं, सुरू राहायला काहीच करावं लागत नाही. मान वर केली तेव्हा साडेबारा झाले होते. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले. उशीशी पवित्र शास्त्र, आत खुणेला देवळातली, म्हणजे चर्चमधली, जुनी उपासना-पत्रिका. धूसर डोळ्यांनी, पानं चाचपत, त्यांनी माझ्यासाठी १२१ वं स्तोत्र काढून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, "वाचू का?" तर म्हणाले, "राहू दे, दमला असशील." त्यानंतर त्यांनी विचारलंच नाही.

मी मदत मागितली नव्हती असं नाही. त्याच्या आदल्या वर्षी तरुणांच्या शिबिराला गेलो होतो. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी फळ्यावर जगिक, म्हणजे देवापासून दूर नेणाऱ्या ऐहिक, गोष्टींची यादी काढली. सिनेमा, मालिका, क्रिकेट, रील्स, चित्रपटगीतं, सगळं एकाच दावणीला. मग दिवे मंद करून हात वर करायला लावले आणि सगळ्यांसमोर फोनमधली अ‍ॅप्स काढायला लावली. टाळ्या झाल्या. मीही काढली. तिसऱ्या दिवशी परत घेतली, पासवर्ड पाठच होता. फरक एवढाच पडला की आधी नुसता बघायचो, आता लपून बघायला लागलो. आणि रविवारी उपासनेत तबल्यावर बसलो की वाटायचं, आपण दोन माणसं आहोत.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांकडेही गेलो. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," म्हणाले. बाबांना हे सांगितलं तर ते इतके हसले की डोळ्याची पट्टी सांभाळावी लागली. १९८७ साली रविवारी सकाळी साडेनऊला दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं, रस्ते ओस पडायचे, तेव्हा हेच गृहस्थ उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत चपला शोधायला बाहेर यायचे म्हणे! असो. त्यांनी मला मदत केलीच नाही असंही म्हणता येणार नाही. तेव्हापासून रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर छापलेलं एक वचन फोनवर पाठवतात. ते बघायला फोन उघडतो, आणि पुढचा पाऊण तास मान खालीच.

या सगळ्यांत एकानेही विचारलं नाही, की अरे, तू बघतोस तरी काय?

तुम्ही विचारलंत. बाबांना दुपारी वाचून दाखवायला यायचात, त्यातूनच काय ते कळलं असणार. बाबा बोलले की माझा चेहरा, ते मी विचारणार नाही. एका शनिवारी मला पंच हौदापाशी घरी बोलावलंत. येताना मनाची तयारी करून आलो होतो: वचनं ऐकायची, मान डोलवायची, निघायचं. तुम्ही चहा ठेवलात. (पंच हौदातला चहा पुण्याला एकदा महागात पडलेला आहेच. १८९० साली इथल्या ख्रिस्ती मिशनमधल्या चहापायी लोकमान्य आणि रानड्यांपर्यंत सगळ्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला, तोंड द्यावं लागलं. मला वाटलं, आज आपली पाळी.) मग चष्मा पदराने पुसलात, माझ्या फोनकडे बोट केलंत आणि म्हणालात, "ते काय बघतोस ते लाव बघू."

मला आधी थट्टाच वाटली. तुम्ही फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलात आणि खुर्ची पुढे ओढलीत. वयाच्या ७४ व्या वर्षी, हाताशी विणकाम घेऊन, तुम्ही ती खुनाची मालिका बघायला बसलात. त्या इन्स्पेक्टरच्या बायकोचं बोलणं ऐकून खरंखुरं हसलात. "हिचं काम चांगलंय," असंही म्हणालात. पंधराएक मिनिटांनी तो गोदामातला प्रसंग आला, त्या माणसाला खुर्चीला बांधलेलं, आणि माझा अंगठा आपोआप पुढे गेला. ढकलून टाकावा म्हणून.

"रोज ढकलतोस?"

"नाही."

"मग आज?"

मी गप्प. तुम्हीही गप्प. सुया थांबल्या होत्या.

मावशी, त्या क्षणी दुसरा कुणीही असता तर म्हणाला असता, "माझी लाज वाटली, देव तर रोज शेजारी बसलेला असतो." ते वाक्य तुमच्या ओठांपर्यंत आलं होतं. मी पाहिलं. तुम्ही ते गिळलंत आणि म्हणालात, "पाणी आणू का रे?"

आभार मानायचे आहेत ते त्या न बोललेल्या वाक्याचे. बोलला असतात तर तो शिबिरातला आणखी एक मुद्दा झाला असता आणि मी त्याला मनात उत्तर शोधलं असतं. न बोललेल्याला उत्तर कुठून देणार? बसमध्ये ते वाक्य माझं मलाच ऐकू आलं, स्वारगेट येईपर्यंत. तुम्ही उभी हयात नर्स होतात. जखम उघडण्याआधी पडदा ओढून घ्यायचा, हे हातात मुरलेलं असणार. उपदेश करणाऱ्यांना आधी सहा महिने वॉर्डात ड्युटी लावावी, असं मला हल्ली फार वाटतं. दुसऱ्याला उघडं पाडायची संधी हातात असताना ती सोडून देणारी माणसं किती थोडी असतात. आणि ती बहुतेक वेळा व्यासपीठावर नसतात.

पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही स्वतःचं सांगितलंत. घरात केबल आली तेव्हा रात्री आठची कौटुंबिक प्रार्थना एका मालिकेसाठी साडेनऊवर गेली. मग साडेनऊलाही काहीतरी लागायला लागलं. मग झोपताना, मग फक्त रविवारी. "कुणी ठरवून बंद नाही केली रे," म्हणालात, "नुसती सरकत गेली." शिबिरात तीन दिवसांत जे कळलं नाही ते मला त्या 'सरकत गेली'मध्ये कळलं. माझ्यावर काही पाप झडप घालून पडलं नव्हतं. बाबांचं १२१ वं स्तोत्र दोन मिनिटांनी सरकलं होतं, एवढंच.

मी म्हटलं, "म्हणजे सगळं सोडूनच द्यायचं ना?" तर तुम्ही माझ्याच तबल्यावर घसरलात. तबला-पेटी काय देवळात जन्माला आली का? कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा अभंग आणि कीर्तन काय बाहेर ठेवून आले? लोक रात्ररात्र जागून ऐकत होते तेच घेऊन त्यांनी प्रभूची गाणी केली, आणि आजही आपण ती उपासनेत म्हणतो. मग पवित्र शास्त्रातला करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय उघडलात. सगळ्याची मोकळीक आहे, पण मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही, असं प्रेषित पौल तिथे म्हणतो. तुम्ही त्यावर भाष्य केलं नाहीत. फक्त विचारलंत, "तो आपोआप पुढचा भाग लागतो ना, ते बंद करता येतं का?" येतं. सेटिंगमध्ये एक बटण आहे. चार वर्षं मला ते शोधावंसं वाटलं नव्हतं.

मी काही संत झालेलो नाही, हे इथे वाचणाऱ्यांसाठी सांगतो. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, ४० दिवसांत फोन दूर ठेवला आणि ईस्टरच्या सोमवारी, आपल्याकडे मटणाचं होतं तसंच, दुप्पट ओढला. अजूनही एखादी रात्र वाया जाते. पण लपून बघत नाही. काय बघतोय ते घरात सांगता येईल एवढंच बघतो, आणि न सांगता येण्यासारखं निघालं की गोदामातला तो अंगठा आठवतो.

बाबांचा दुसरा डोळाही झाला. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं, माझे पांढरे केसही. स्वतः वाचू शकतात. तरी परवा जेवण झाल्यावर पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "तू वाच, मी ऐकतो." १२१ वंच होतं. 'मी आपली दृष्टी डोंगराकडे लावतो' इथे माझा आवाज बसला, तेव्हा ते खिडकीतून पर्वतीच्या दिशेला बघत राहिले. मला सावरायला वेळ मिळावा म्हणून. तुमच्याकडून शिकले की काय, कोण जाणे.

आणि एक. मागच्या रविवारी देवळाच्या पायरीवर तुम्ही हळूच विचारलंत, त्या इन्स्पेक्टरच्या बायकोचं पुढे काय झालं? मला माहीत नाही, मावशी. मी तिथेच थांबलोय. शनिवारी दुपारी येतो, साखरेचा डबा रिकामा ठेवा.

तुमचा,
तबलेवाला